तांबटाच्या दारावरचं पोळं

एका गावात दोन तांबट राहत होते. सख्खे भाऊ. दोघांची घरं पाठीला पाठ लावून, मधलं परस एकच, आडाचं पाणीही एकच. पण पाच वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही! कारण काय, तर वडिलांची ऐरण. ती धाकट्याने घेतली म्हणून थोरला रुसला, आणि थोरला रुसला म्हणून धाकटाही फुगून बसला. धाकटा परसात भांडी ठोकायचा, थोरला पुढच्या ओसरीवर. रोज एकमेकांच्या हातोडीचा आवाज ऐकायचे, बोलायचे मात्र नाहीत. आता याला काय म्हणावं!

त्या वर्षी थोरल्याची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आणि न बोलावता गांधीलमाश्याही आल्या. गुढीपाडव्याला बांधलेलं तोरण दारावर तसंच वाळून लटकत होतं. आज काढू, उद्या काढू म्हणता राहून गेलं, आणि माश्यांनी त्याच्याच आड पोळं बांधलं.

एके सकाळी थोरल्याने हंडा ठोकायला घेतला. ठण, ठण, ठण! भिंत हादरली, चौकट हादरली, पोळं हादरलं. माश्या भणभणत बाहेर आल्या आणि एकीने थेट त्याच्या कानालाच डंख मारला. कान सुजून पुरीएवढा झाला. बायकोने चुना लावला, तरी त्याचा थयथयाट काही थांबेना.

"एकेकीला जाळून टाकतो!" म्हणत त्याने काठीला चिंध्या गुंडाळून पलिता पेटवला.

सगुणा पोट सांभाळत लगबगीने आली. "बाबा, नको ना. आत त्यांची पिल्लं असतील हो."

"आणि तुला चावल्या म्हणजे?"

"ठोकठोक नसली तर त्या कुणाच्या वाटेला जात नाहीत," बायको म्हणाली. "घरात बाळंतपण आहे. अशा वेळी कुणाचं घरटं मोडायचं नसतं, हे तुमच्या आईनेच मला सांगितलंय. थंडी पडली की जातील आपसूक. तोवर पुढचं दार बंद ठेवू, मागच्या दाराने ये-जा करू."

"आणि मी कामाला कुठे बसू? तुझ्या चुलीत?"

"परसात बसा."

परसात! त्या धाकट्याच्या समोर! थोरल्याने हातातल्या पलित्याकडे पाहिलं. मग लेकीच्या घाबऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं. शेवटी पुटपुटत पलिता बादलीत बुडवला.

दुसऱ्या दिवशी स्वारी परसात जाऊन बसली, पण धाकट्याकडे पाठ करून. धाकट्यानेही पाठ फिरवली. चार दिवस दोन पाठी एकमेकींना बघत बसल्या.

पाचव्या दिवशी धाकट्याने एक मोठं घंगाळ घडवायला घेतलं. ते एकट्याचं काम नव्हे, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने ठोकायचं. घंगाळ सारखं निसटत होतं आणि घाव भलतीकडेच पडत होते. ते वेडेवाकडे घाव ऐकून थोरल्याचा जीव वरखाली व्हायला लागला. दहा घाव ऐकले, वीस ऐकले. मग मात्र राहवलं नाही.

"अरे, काठ चेपतोयस की! धर तू, मी ठोकतो!"

पाच वर्षांतले हे पहिले शब्द. धाकट्याने गुपचूप घंगाळ धरलं.

थोड्या वेळाने थोरल्याने विचारलं, "एवढं मोठं कुणाचं रे हे?"

"आपल्या सगुणाचं," धाकटा खाली बघत म्हणाला. "बाळाला न्हाऊ घालायला. द्यायचं कसं तेच कळत नव्हतं." मग म्हणाला, "दादा, ती ऐरण तुझ्याकडे घेऊन जा."

थोरल्याने ऐरणीवरून हात फिरवला. "राहू दे इथेच," तो म्हणाला. "दोघांना पुरते."

कार्तिकात सगुणाला मुलगी झाली. त्याच घंगाळात तिला रोज न्हाऊ घातलं जाई, आणि ती अशी काही टाहो फोडी की दोघे आजोबा हातोड्या टाकून धावत येत. पुढच्या दारावर माश्या आपल्या कामात होत्या. त्या पुन्हा कुणाला चावल्या नाहीत.

मार्गशीर्षात थंडी पडली. एके दिवशी थोरल्याच्या बायकोने पुढचं दार उघडून पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "अहो, पोळं रिकामं झालंय! तुमची ओसरी मोकळी झाली हो!"

परसातल्या दोन्ही हातोड्या एकदम थांबल्या.

धाकटा चाचरत म्हणाला, "वहिनी, आठ दिवस झाले त्याला. मी रोज पुढून बघून येत होतो. पण दादाला कळलं तर तो परत ओसरीवर जाऊन बसेल, म्हणून बोललो नाही."

थोरला खाकरला. कानाची पाळी चोळत म्हणाला, "आठ कुठले? बारा झाले."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग तू का नाही बोललास?"

"हंडा धर नीट," थोरला म्हणाला आणि डोळे पुसून त्याने पुन्हा हातोडी उचलली.

तात्पर्य: दुसऱ्याचं घरटं राखण्यासाठी थोडी वाकडी वाट करावी लागली, तर खुशाल करावी; आपलं दुरावलेलं माणूस कधीकधी त्याच वाटेवर बसलेलं असतं.