साळूबाईचं कोठार

मंडळी, आपली ठेव कुणाच्या भरवशावर ठेवाल? तोंड शिवून बसणाऱ्याच्या, की विचारेल त्याला सगळंच सांगून टाकणाऱ्याच्या? फार पूर्वी एका रानात पाखरांचं सामायिक कोठार होतं. साळूबाई नावाची साळिंदर ते राखायची. जी अंड्यांवर बसली असेल तिचे दाणे घरट्यावर पोचवायची तिथली रीत, त्यामुळे प्रत्येकीचं घरटं साळूबाईला ठाऊक. पण कोठारात काय उरलंय, असं कुणी विचारलं की ती पाठ फिरवायची.

पाऊस लांबला, तसा मुंगूस पाखरांना घेऊन आला. "साळूबाई, दाणे गेले कुठे? का तुम्हीच फस्त केलेत?"

पाखरंही म्हणाली, "खरंच, सांगा की!"

हे तिला फार लागलं. चोर ठरण्यापेक्षा सगळं सांगून मोकळं व्हावं, म्हणून ती बोलू लागली, "लांडोरीला रोज चार कणसं पोचवते, ती..."

"कुठे पोचवता?" मुंगसाने जिभल्या चाटल्या. "जागा दाखवा, तरच पटेल."

अंड्यांवरून घटकाभर उठून आलेली लांडोर चटकन पाखरांच्या मागे दडली. ते पाहून साळूबाई थबकली आणि तिने कोठाराचं दार सताड उघडलं.

"या, रास मोजा. ती सगळ्यांची आहे, आजवर दाखवली नाही ही माझी चूक. घरटं मात्र जिचं तिचं. ते मी सांगणार नाही."

पाखरं आत शिरली. मुंगूस बाहेरच घुटमळला.

"मुंगूसराव," लांडोर म्हणाली, "तुम्ही दाणे कधीपासून खायला लागलात?"

तेव्हा मंडळी, चार जणांचं काही तुमच्या हाती आलं, तर हिशेब सगळ्यांना उघडा ठेवा, पण ज्याचं गुपित त्याचंच राहू द्या, एवढीच विनंती.