पाटाच्या अलीकडे

“पण बुवा, इतक्या वर्षांत इथवर चारचाकी आलेली पाहिली होती का तुम्ही?”

शिवगिरी बुवा राखेने तवा घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सांगा ना.”

“नाही पाहिली.”

सारंग खांबेट्याला एवढंच ऐकायचं होतं. तो वाघजाईच्या देवळाच्या पायरीवर ऐसपैस बसला आणि समोर कातळावर उभ्या केलेल्या आपल्या जीपकडे कौतुकाने पाहू लागला.

गाडी होतीच तशी. कमरेपर्यंत येणारी टायरं. पुढच्या बाजूला लोखंडी दोर गुंडाळलेली विंच. टपावर घडीचा तंबू, त्याच्यापुढे दिव्यांची लांब पट्टी. नदीत उतरली तरी इंजिनात पाणी शिरू नये म्हणून बाजूने वर गेलेलं नळकांडं. डाव्या अंगाला चिखलात चाकाखाली टाकायच्या फळ्या, उजव्या अंगाला फावडं. पुण्यातल्या त्याच्या जीपवाल्यांच्या मंडळात अशी सजवलेली गाडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मंडळाचा ताफा परवा कच्छच्या रणात निघायचा होता, आणि सगळ्यांच्या पुढे सारंगची गाडी राहणार होती.

बुवांकडे तो गेली काही वर्षं येत होता. आधी पायी यायचा. घामाघूम होऊन पठारावर पोचायचा, पाया पडायचा आणि म्हणायचा, “बुवा, मला काहीतरी शिकवा.” बुवा म्हणायचे, “बस.” मग दोघे बसायचे. बुवांनी त्याला कधी मंत्र दिला नाही, की कधी शिष्य म्हटलं नाही. पण सारंग चारचौघांत ‘माझे गुरू’ म्हणूनच त्यांचं नाव घ्यायचा.

आज त्याने नारळ आणला होता.

“तुमच्या हातून वाढवायचा, बुवा. गाडीपुढे. एवढ्यासाठी तर वर घेऊन आलो तिला.”

बुवांनी हात पुसले. नारळ घेतला. पाणी आहे का पाहायला कानाशी नेऊन हलवला...

आणि ते थांबले.

“पाणी नाही का?” सारंगने विचारलं.

“नारळात आहे.”

“मग?”

“ऐक.”

सारंगने कान दिला. वारा नव्हता. लांब कुठेतरी टिटवी ओरडत होती, तीही गप्प झाली.

“काही ऐकू येत नाही, बुवा.”

“तेच.”

सारंगला उमजेना. बुवा उठून देवळाच्या मागे गेले, म्हणून तोही गेला. मागे दगडी डोण होती आणि तिच्यावर लाकडाची कोरलेली पन्हळ. त्या पन्हळीतून पाण्याची धार पडते, हे सारंगला ठाऊक होतं. येईल त्या वेळी तो तिथेच तोंड धुवायचा. आज पन्हळीच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता. तो पडला. पुढचा आलाच नाही.

बुवांनी नारळ डोणीच्या काठावर ठेवला आणि ते पाटाच्या कडेने वर चालू लागले.

त्या पठाराला झरा एकच. वरच्या कड्याच्या पोटातून निघतो. तिथून पाणी खाली आणायला दगड रचून, माती थापून गुडघाभर उंचीचा बांध घातला होता आणि बांधाच्या माथ्यावरून पाट काढला होता. देवळाला पाणी पाजून तो तसाच पठाराच्या कडेपर्यंत जायचा आणि तिथून खाली धनगरवाड्यात उतरायचा. वाड्याची माणसं दर वर्षी दिवाळी सरली की तो बांध नव्याने उभा करत.

थोडं पुढे गेल्यावर दोघे थांबले.

बांध फुटला होता. दगड दोन्ही अंगांना कलंडले होते, एक मोठा धोंडा उतारावर गडगडत गेला होता, आणि झऱ्याचं सगळं पाणी कातळावर पसरून भेगांत मुरत होतं.

चिखलात टायरचे ठसे होते. जाड, नक्षीदार, नवेकोरे.

सारंग घाईने पुढे झाला.

“चुकून झालं, बुवा. मला वाटलं नुसता दगडांचा ढीग आहे.”

बुवा वाकून ठशांकडे पाहत होते. एक ठसा पलीकडून अलीकडे आला होता. त्याच्याच शेजारून दुसरा पुन्हा पलीकडे गेला होता. आणि तिथून तिसरा, पुन्हा अलीकडे.

“चुकून?” बुवांनी विचारलं.

“हो... चाक घसरलं. मागे-पुढे करावं लागलं.”

बुवांनी कलंडलेला एक दगड उचलून सरळ केला.

तेवढ्यात पठाराच्या कडेवरून एक बाई वर आली. डोक्यावर रिकामा हंडा, पदर खोचलेला, धापा टाकत. धनगरवाड्यातली ठकूबाई झोरे.

“का वो बुवा, पाणी कशानं तुटलं? सुनंला रातीच पोरगी झालीया. चुलवणावर भांडं ठेवलंय न् पाटात पाण्याचा थेंब न्हाय...”

मग तिला फुटलेला बांध दिसला. तिने हंडा खाली ठेवला.

“माझ्या गाडीने झालं, मावशी,” सारंग म्हणाला. “चुकून. मी आत्ता करून देतो.”

तो पळत जीपपाशी गेला आणि फावडं सोडवून घेऊन आला. पात्यावरचा कंपनीचा रंगीत कागदही अजून निघाला नव्हता. तो कागद उघड्यावर, त्या दोघांच्या देखत नखाने खरवडून काढताना त्याला कुठे बघावं कळेना.

धोंडा खालून वर आणायचा होता. सारंग म्हणाला, “विंच लावून ओढतो. दोन मिनिटांचं काम.”

“गाडी नगं,” ठकूबाई म्हणाली. “ऱ्हायल्यालं बी तुडवंल ती.”

मग तिघांनी मिळून धोंडा हातांनी लोटत आणला. सारंगची नखं सोलली. फावड्याचं पातं इतकं छोटं होतं, की ओंजळीत त्याहून जास्त माती येत होती. शेवटी त्याने फावडं बाजूला टाकलं, गुडघे टेकले आणि हातांनीच माती ओढू लागला. ठकूबाई दगड बसवत होती. फटीत ओली माती दाबत होती, बोटांनी, तळव्याने, भाकरी थापावी तशी.

काम करता करता ती त्याच्याशी बोलतही होती.

“जिवाला लावून घिऊ नगंस, लेकरा. तुला काय म्हाईत हितं पाट हाय. शहरातल्या मानसाला कसं कळावं? जनावरं बी पाडत्यात कवाकवा.”

सारंग मान खाली घालून माती ओढत राहिला. ती जितकं गोड बोलत होती, तितकं त्याला आत काहीतरी कुरतडत होतं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो...

बांध उभा राहिला. पाणी चाचपडत पुढे सरकलं. आधी गढूळ आलं, मग निवळलं. ठकूबाईने हंड्यातला तांब्या काढून भरला आणि पहिला सारंगपुढे धरला.

“पी. लई राबलास.”

त्याने तांब्या हातात घेतला. ओठांपर्यंत नेला. खाली घेतला.

“मावशी, चुकून नव्हतं.”

“आं?”

“हा बांध आहे हे मला दिसलं होतं. पाणीही दिसलं होतं. पहिल्यांदा चढवली तेव्हा थोडेच दगड हलले होते.” तो तांब्याकडेच पाहत होता. “पण फोनचा कॅमेरा चालू करायचा राहिला होता. म्हणून गाडी परत मागे नेली. आणि पुन्हा आणली... जोरात.”

बुवा पाण्याकडे पाहत उभे होते. ठकूबाईला सगळं कळायला एक क्षण लागला.

“शिनेमा काढलास व्हय?”

सारंगने मान डोलावली.

“बघू.”

“नको, मावशी...”

“बघू की. आमचाच बांध हाय.”

नाही कसं म्हणणार? त्याने फोन काढला. बोटं चिखलाची. दोनदा काच दाबूनही चित्र लागेना. मग लागलं.

ठकूबाईने फोन दोन्ही हातांत धरला. चित्रात बांध शाबूत होता, माथ्यावर पाणी चमकत होतं. मग इंजिनाची डरकाळी आली. दगड उडाले. पाणी कारंज्यासारखं उसळलं. आणि त्या सगळ्यावरून सारंगचा स्वतःचा आवाज, आनंदाने बेभान झालेला, “गेलीऽऽ! अरे, लोण्यासारखी गेली!”

पठारावर दुसरा आवाज नव्हता. पुन्हा टिटवी ओरडली असती तरी त्याला आधार वाटला असता.

ठकूबाईने ते शेवटपर्यंत पाहिलं. एका जागी तिने काचेवर बोट ठेवलं.

“ह्यो धोंडा माझ्या दादल्यानं बसवला हुता,” ती म्हणाली. “सरल्या दिवाळीला. आता त्यो न्हाय.”

एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. काचेला आपल्या बोटांची माती लागली आहे हे तिच्या ध्यानात आलं. तिने पदराचं कोरडं टोक शोधून फोन नीट पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, राहिलेला डाग पुन्हा पुसला आणि दोन्ही हातांनी सारंगला परत दिला.

मग हंडा भरून डोक्यावर घेतला आणि ती खाली निघून गेली. घरी बाळंतीण वाट पाहत होती.

सारंग तिथेच बसून राहिला. तांब्या त्याच्या हातात तसाच होता. ती तो न्यायला विसरली होती, की तिने मागितला नव्हता, कोण जाणे.

“बुवा, काहीतरी बोला...”

बुवा बांधाची एक फट अंगठ्याने दाबत होते.

“शिव्या द्या. निघून जा म्हणा.”

“जा,” बुवा म्हणाले.

सारंग उठला. जीपपाशी आला, आत बसला, इंजिन चालू केलं. गाडी हळूहळू बांधापर्यंत आणली. आणि तिथे त्याचा पाय ब्रेकवर गेला.

गाडी पाटाच्या अलीकडे होती. खाली जायची वाट पलीकडे. वरच्या अंगाला कडा, खालच्या अंगाला दरी, आणि मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाट. माणसाला ओलांडायला एक ढांग पुरे. गाडीला बांधावर चढण्यावाचून इलाज नव्हता.

बाजूला लावलेल्या फळ्या त्याला आठवल्या. त्या टाकून पाहता येईल... त्याने काचेतून खाली पाहिलं. ओल्या मातीत ठकूबाईची बोटं उमटली होती. चार बोटं आणि अंगठा, जागोजागी. अडीच टनांच्या गाडीखाली फळ्या काय वाचवणार होत्या?

खालून, धनगरवाड्याच्या बाजूने, धुराची रेघ वर येत होती. आंघोळीचं पाणी तापायला लागलं असावं.

त्याने इंजिन बंद केलं.

एवढं सामान घेतलं, चिखलातून निघायला, वाळूतून निघायला, नदीतून निघायला... यातून निघायला काहीच घेतलं नव्हतं. मग तो उतरला. दार त्याने हलकेच लावलं, कुणी झोपलं असावं तसं.

“झरा कधी आटतो, बुवा?”

“वैशाखात.”

“मग पाट?”

“मोकळा पडतो.”

आत्ता कुठे फाल्गुन लागला होता. परवा ताफा निघणार. सगळे पहाटे टोलनाक्यापाशी जमणार, आणि पुढची जागा रिकामी असणार. फोन येतील, हसतील, विचारतील. मंडळात गेल्या पावसाळ्यात एकाची गाडी ओढ्यात अडकली, तेव्हा सारंगनेच त्याची सगळ्यांत जास्त टर उडवली होती.

त्याने पाठीवर पिशवी घेतली. तांब्या धुतला आणि वाड्यावर द्यायचा म्हणून हातात धरला. ठकूबाईचं दार गाठायचं धाडस आपल्याला होईल का, हे त्याला अजून माहीत नव्हतं. मग तो बुवांच्या पाया पडला. दर वेळी पाया पडल्यावर तो वर पाहायचा, काही मिळतंय का म्हणून. आज मान वर होईना.

एक ढांग टाकून त्याने पाट ओलांडला. पलीकडे गेल्यावर थांबला. पाठमोराच बोलला.

“बुवा, लोक विचारतील. म्हणतील, एवढी गाडी, एवढं सामान... अडली कशी?” त्याने तांब्या या हातातून त्या हातात घेतला. “त्यांना काय सांगू?”

पाणी दोघांच्या मधून वाहत होतं.

बुवा म्हणाले,

“सांग, रस्ता नव्हता.”