पंख्याला बांधलेला रुमाल

“पण सर, लोकच ऐकून नाही राहिले, तर मी काय करू?”

हेरंबने हे जिन्यातच विचारलं. वर पोहोचेपर्यंत धीर धरवेना. मागून देवपुजारी सर सावकाश चढत होते. इमारत कशी बांधावी हे त्यांनी हेरंबला शिकवलं होतं. गप्प कसं बसावं, तेवढं शिकवायचं राहून गेलं होतं.

नागपुरातल्या एका प्रकाशन संस्थेचं हे जुनं ऑफिस. वीज वाचावी म्हणून हेरंबने ते आतून पार बदललं होतं. गच्चीवर ऊन अडवणारा थर. पश्चिमेच्या खिडक्या कायमच्या बंद. आणि त्याच्या विशेष लाडाचे नवे दिवे, टेबलागणिक एक. माणूस हलला की लागायचे, हालचाल थांबली की आपोआप विझायचे.

तरी विजेचं बिल वाढलं होतं.

उद्या वीजबचतीची तपासणी होती. काम फसलं असं ठरलं, तर पुढच्या इमारतींची कामं दुसऱ्याला जाणार आणि हेरंबला गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

“हे बघा, सर!”

टेबलाटेबलावर छोटे पंखे. प्रत्येक पंख्याच्या जाळीला एक रुमाल बांधलेला. पंखे चालूच ठेवलेले, रुमाल फडफडत राहायचे, त्यामुळे माणसं घरी गेली तरी दिवे जळत राहायचे.

“कुणी सुरू केलं?” सरांनी विचारलं.

“मी,” विमलताई पोहनकर उठल्या. त्या छपाईआधी पानांतल्या चुका तपासायच्या. “मान खाली घालून वाचत असते, सर. मधेच अंधार होते. हात हलवून हलवून खांदा भरून आला माझा.”

“पाहिलंत? वर तोंड करून बोलतात!” हेरंबने भराभर सगळे रुमाल सोडले, पंखे बंद केले. “उद्या एकही दिसता कामा नये!”

सर विमलताईंच्या खुर्चीत बसले आणि समोरचं पान वाचू लागले.

…दिवा विझला.

हेरंबने पुढे होऊन हात हलवला. दिवा लागला.

सर वाचत होते.

…पुन्हा विझला. पुन्हा हेरंबचा हात.

आता सगळं ऑफिस बघत होतं. उद्या तपासणीवाले इथेच येऊन बसले तर?

…पुन्हा अंधार.

“सर, जरा हला ना!”

“कशाला?”

“इथे माणूस बसलाय, हे दिव्याला कळायला नको का?”

सरांनी मान वर केली नाही.

“दिव्याचं राहू दे, हेरंब… तुला कळलं का?”