बेण्याचे कोसे उकळणारी कौतिका

वैनगंगेला बारा महिने नाव चालायची, त्या काळची ही गोष्ट. काठावरच्या ढिवरांच्या वस्तीत कौतिका नावाची बाई होती. ऐनाच्या झाडांवर रेशमाचे किडे पाळायचे, त्यांनी विणलेले कोसे राखेच्या पाण्यात उकळायचे आणि उघड्या मांडीवर घासून सूत काढायचं, हे वस्तीचं काम. कौतिकेसारखं सूत कुणाच्या बापाला जमलं नाही, असं म्हणतात.

त्या साली तिच्या नवऱ्यावर, सुकरूवर, अस्वलानं झडप घातली. खांदा पार फाडला. वैदूचा पाला झाला, लेप झाला, पण जखम भरेना, उलट सडू लागली. शेवटी वैदूनं हात टेकले. "आता देवाचं नाव घ्या," म्हणाला. मेला वैदू, सांगून मोकळा झाला!

कौतिका पोटभर रडली. डोळे पुसताना तिची नजर स्वतःच्या मांडीवर गेली. रोज सूत काढून मांडी सोलवटायची, रक्त यायचं, पण कधी चिघळली नाही. वस्तीतल्या एकाही बाईची नाही! हा मांडीला लागणाऱ्या कोशाच्या चिकाचाच गुण, बाईनं ताडलं.

पण घरात उरले होते फक्त बेण्याचे कोसे, आत जिवंत किडे असलेले, पुढच्या पिकासाठी टांगलेले. तिनं त्यांची माळ उतरवली, तसा सासरा आडवा आला.

"अवो बाई, बेणं उकळशील त पुढच्या साली खाशील का? माती?"

"पुढचा साल पाहाले तुमचा पोरगा त जगला पायजे ना, मामाजी!"

म्हातारा चूल फुंकायला बसला.

जखमेला झोंबू नये म्हणून तिनं राख न घालता कोसे उकळले. ते चिकट पाणी निववून सात दिवस जखमेवर लावलं. वास असा, की शेजारणी नाकाला पदर लावून पळाल्या. आठव्या दिवशी जखमेवर कोवळी कातडी धरली, असं म्हणतात. महिन्याभरात सुकरू त्याच हातानं नाव वल्हवत पैलतीरी जाऊन आला. काठावर डफडी कडाडली. वैदूसुद्धा नाचला, लाज ना शरम!

कौतिकेकडे मात्र बेणं उरलं नव्हतं. मग घराघरातून एकेक कोसा आला. त्या साली तिच्या ऐनांवर पानांपेक्षा कोसेच जास्त, फांद्या जमिनीला टेकल्या, असं म्हणतात.

आजही त्या वस्तीत कुणाला मोठी जखम झाली, की त्या घरची बेण्याची माळ आधी खाली उतरते. मागे किती उरले, ते कुणी मोजत नाही. सकाळी दारात शेजाऱ्यांचे कोसे ठेवलेले असतात. कुणी ठेवले, म्हणून विचाराल, तर अख्खी वस्ती एकच सांगते, "कौतिकामायनं धाडले."