वर कुणाची ओळख?

सांगलीच्या वनिता मगदूमने बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखणारं यंत्र स्वतः बनवलं होतं. त्याचा कारखाना काढायला तिला जागा हवी होती, आणि विभागीय उद्योग मंडळाकडे एकच गाळा शिल्लक होता. तीन खेपा व्हरांड्यात बसून काढल्यावर चौथ्या खेपेला तिला मंडळाच्या बैठकीत बोलावणं आलं.

अध्यक्ष भाऊसाहेबांनी तिचा अर्ज न उघडताच बाजूला सारला. "असली यंत्रं परदेशात होतात, बाई. आमच्या दारावरचं बघितलंत ना? आणि गाळा मागताय, तर वर कुणाची ओळख आहे का?"

"वर नाही, साहेब. इथं खाली एक आहे," असं म्हणून वनिताने बाहेर फरशी पुसणाऱ्या हौसाबाईंना हाक मारली.

बावीस वर्षं फरशा घासून हौसाबाईंच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. दारावरचं यंत्र त्यांना रोज नाकारायचं, आणि कामावर येऊनही त्यांची गैरहजेरी लागायची. व्हरांड्यात बसल्या बसल्या वनिताने त्यांचे ठसे आपल्या यंत्रात घेऊन ठेवले होते. हौसाबाईंनी पदराला हात पुसून वनिताच्या यंत्रावर बोट टेकवलं, आणि पडद्यावर त्यांचं नाव उमटलं.

"तुमच्याच माणसाला परक्या यंत्राने ओळखलं नाही, साहेब. माझ्या यंत्राने ओळखलं. आता मंडळाने कुणाची ओळख धरायची?"

सदस्य हसू दाबत टेबलाकडे बघू लागले. भाऊसाहेबांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

"शिफारस कुणाची लिहू?" कारकुनाने विचारलं.

भाऊसाहेबांनी हौसाबाईंकडे पाहिलं. "हौसाबाईंची लिहा," ते म्हणाले, "आणि त्यांच्या गैरहजेऱ्या खोडून टाका."