चुली वाढल्या

एका राज्यात एक राजा होता, आणि तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. समुद्रावरून लुटारू यायचे, काठावरचा उजेड हेरून गावं लुटायचे. म्हणून राजाने मांत्रिकाकडून हुकूम बांधून घेतला: पाण्यापासून बाणाच्या टप्प्यात विस्तव जळू नये.

मांत्रिक म्हणाला, "हा हुकूम माणसं नाही, विस्तवच पाळील. मात्र त्यापायी कुणाचा जीव गेल्याचं तुझ्या कानी आलं, की तुटेल."

मोठ्या मुलखाने चुली जरा आत सरकवल्या आणि लोक विसरून गेले. पण त्याच राज्यात शिंपलं नावाचं बेट होतं. त्याच्या एका काठावरून बाण सोडला, तर तो पलीकडच्या काठाला पाण्यात पडे. तिथला विस्तव एका सकाळी गेला तो गेलाच. गारगोटी घासावी, ठिणगी उडावी, नि हवेतच काळी व्हावी.

हालहवाल पुसायला राजाने आपली साळुंकी धाडली. ऐकलेला शब्द ती जसाच्या तसा नेई, पदरचं काही घालत नसे. ती हारकूच्या कुडावर येऊन बसली. हारकू बेटावरची जाणती बाई. घरात सून बाळंतीण, लेक कान्हू होडी घेऊन समुद्रावर.

"राजा पुसतो, चुली कशा आहेत?"

आता बेटावर रीत अशी, की चूल विझली, दिवा विझला, माणूस मेलं असं म्हणायचं नाही. जी म्हणेल, तिच्याच घरचं माणूस विझतं. तिथे 'वाढली' म्हणायचं. हारकू म्हणाली, "चुली वाढल्या, बाय."

राजवाड्यात दिवा कधी मालवतच नसे, म्हणून राजाला त्या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता. तो संतोषला. बेटावर मोठमोठी तपेली धाडली. लोकांनी त्यांत कच्चे मासे ठेवले. म्हातारा पोसू साळुंकीला म्हणाला, "राजाला म्हणावं पाहुणा ये, तपेल्यात निजवू. बेटावर आडवा झालास तर पाय पाण्यात जातील." साळुंकीने तेही सांगितलं. दरबार पोटभर हसला.

ती पुन्हा आली. होड्यांना वाट दाखवणारा काठावरचा दिवा कसा आहे, म्हणून तिने पुसलं. तोही वाढला, असं हारकूने सांगितलं. राजाने तेलाचे बुधले धाडले.

अंधारात होड्या खडकावर गेल्या. माणसं एकेक करून वाहत आली, त्यांत पोसूही होता. कान्हूची होडी तेवढी ना आली, ना फुटकी सापडली.

तिसऱ्यांदा साळुंकीने बायकांची खुशाली विचारली. हारकूने बायकांच्या रित्या मनगटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बांगड्या वाढल्या."

राजाने हिरव्या चुड्याच्या पाट्या भरून धाडल्या.

बायका पाट्यांभोवती बसून राहिल्या. कुणी हात लावला नाही. हारकूच्या घरात शेकाशिवाय सुनेचं बाळ निळं पडत चाललं होतं.

"राजा पुसतो, चुडा आवडला?"

हारकूने तोंड उघडलं, तशी सुनेने त्यावर हात धरला. बेटावर आता चुडा भरलेला हात तो एकच.

"आत्या, तो शब्द नका काढू. ते येतील."

"पोर गार पडलंय, बये."

सून पाळण्याकडे बघत राहिली. मग तिने आपला हात आपणच काढून घेतला.

हारकू म्हणाली, "साळुंके, नीट ऐक. चुली विझल्या. दिवा विझला. माणसं मेली, राजाच्या हुकमाने मेली."

सुनेचा चुडा जागच्या जागी तडकला आणि मातीत पडला.

साळुंकीने जसंच्या तसं सांगितलं. राजाने ऐकलं आणि हुकूम तुटला. बेटावरच्या चुली आपणहून पेटल्या. बाळाला शेक मिळाला, ते रडलं.

राजा अनवाणी आला. काठावर उभा राहून त्याने बाण सोडला, आणि तो पाण्यात पडताना पाहिला. तेव्हापासून हुकूम बांधण्याआधी तो शिंपल्यावर येऊन बसतो, आणि बायका त्याच्याशी उघड्या शब्दांत बोलतात.

काठावरचा दिवा रोज लागतो. कान्हूची होडी आली नाही. सकाळी दिव्याला पदराने वारा घालताना हारकू कुठलाच शब्द काढत नाही.

चुलीपाशी पेटलेली गोष्ट चुलीपाशीच वाढली. वाढली म्हणजे काय, ते आता तुम्हांला ठाऊक आहे.