पिवळ्याचे खोपे

फार मागे, ओढ्याकाठच्या बाभळीवर पिवळ्या नावाचा सुगरण पक्षी राहायचा. सुगरणींत रीत अशी, की नराने खोपा विणायचा आणि मादीने तो पसंत करायचा. पिवळ्याला वाटलं, खोपे जितके जास्त, तितकी पसंती लवकर. एवढं गवत आणायला दम पुरेना, म्हणून तो उसनं घेत सुटला. मुनियेकडून आणायचं आणि बुलबुलाचं फेडायचं. चार खोपे अर्धवट लोंबत राहिले. कुणी मागायला आलं की पिवळ्या आत दडून बसे. त्याचं गाणंही बंद झालं.

एके सकाळी साळुंकीमावशी खोप्याच्या तोंडाशी आली. "बाळा, काही खाल्लंस का रे?"

पिवळ्याला रडूच कोसळलं. "मावशी, हे सगळं फेडू कसं?"

"आधी बाहेर ये. ज्यांचं घेतलंस, त्यांच्याशी बोल. आणि आजपासून नवीन उसनं नाही."

त्याने सगळ्यांसमोर जाऊन खरं ते सांगितलं. बुलबुल खूप चिडला. मुनिया मात्र म्हणाली, "माझं सावकाश दे, चालेल."

मग पिवळ्याने आपल्याच चोचीने तीन खोपे उसवले. एकेक पात ओढताना त्याचा जीव तुटत होता. ते गवत ज्याचं त्याला दिलं आणि राहिलेलं रोज थोडं थोडं आणून फेडलं.

सगळं फिटलं, त्यानंतर एक मादी आली. "एवढा एकच खोपा?"

"एकच. तोही अर्धा," पिवळ्या म्हणाला. "पण यातली एकही पात उसनी नाही."

ती खोप्यात जाऊन बसली. "विण मग सावकाश. मी थांबते."